नवमाध्यमांचा सिद्धांत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माध्यमांचा अभ्यास नव्याने हाती घेणारे विद्यार्थी, शिक्षक आणि जिज्ञासू वाचक पुढील प्रश्न सातत्याने विचारतात. उत्तरांमागची भूमिका आधीच सांगितलेली बरी. तंत्रज्ञान संवादाला आकार देते, यात शंका नाही. परंतु त्या तंत्रज्ञानाचा स्वतःचा आकारही कोणीतरी, कधीतरी, काही कारणाने ठरवलेला असतो, आणि त्या ठरवण्याचा माग काढणे हेच या अभ्यासाचे खरे काम आहे.

नवमाध्यम म्हणायचे तरी कशाला? जे नवे ते नवमाध्यम, असे म्हणून चालेल का?

चालणार नाही, कारण प्रत्येक माध्यम कधी ना कधी नवे होतेच. ही संज्ञा संगणकावर आधारलेल्या माध्यमांसाठी रूढ झाली आणि तिला काटेकोर आशय देण्याचा सर्वांत प्रभावी प्रयत्न लेव्ह मॅनोविच यांनी २००१ साली केला. त्यांच्या मांडणीनुसार अशा माध्यमांतला आशय संख्यांच्या रूपात साठवलेला असतो, तो सुट्या भागांचा बनलेला असतो, त्यावरची बरीच कामे यंत्र आपोआप उरकते, एकाच वस्तूची असंख्य रूपे निघू शकतात, आणि संगणकाची मांडणी हळूहळू संस्कृतीच्या मांडणीत उतरते.

एखादे छायाचित्र समोर ठेवले तर हे लगेच ध्यानात येते. फिल्मवरचे छायाचित्र म्हणजे प्रकाशाने रसायनावर उमटवलेला ठसा होता. फोनमधले छायाचित्र म्हणजे लक्षावधी बिंदूंच्या रंगमूल्यांची सारणी असते. बटण दाबताच फोन अनेकदा लागोपाठच्या काही प्रतिमा एकत्र करून त्यातून एक प्रतिमा तयार करतो, अंधाऱ्या जागा उजळतो, चेहरे ओळखतो आणि सोबत वेळेची, बहुधा ठिकाणाचीही नोंद ठेवतो. पुढे तेच चित्र एका जागी अंगठ्याएवढे, दुसऱ्या जागी चौकोनी कापलेले, तिसऱ्या जागी 'या दिवशी' म्हणून समोर आलेले दिसते. जुने फोटो 'आठवण्या'ऐवजी 'शोधण्या'ची सवय आपल्याला लागली, ती या नोंदींमुळे. संगणकाची मांडणी संस्कृतीत उतरते, म्हणजे नेमके हेच.

मॅनोविच यांच्या यादीत एक मोठी उणीव मात्र आहे. माध्यमाची मालकी कोणाकडे आहे आणि त्यातून कमाई कोण करते, याविषयी ती जवळजवळ गप्प आहे. पुढच्या अभ्यासकांनी, विशेषतः प्लॅटफॉर्मच्या, म्हणजे यूट्यूबसारख्या इतरांचा मजकूर वाहणाऱ्या सेवांच्या, राजकारणावर लिहिणाऱ्या टार्लटन गिलेस्पी यांच्यासारख्यांनी, हा प्रश्न मध्यभागी आणला.

या विचाराची सुरुवात कोणापासून धरायची?

सोयीसाठी हॅरॉल्ड इनिस यांच्यापासून. हे कॅनडाचे अर्थशास्त्रज्ञ. फर असलेल्या कातड्यांचा आणि कॉड माशांचा व्यापार अभ्यासता अभ्यासता ते संवादसाधनांच्या इतिहासाकडे वळले. १९५० आणि १९५१ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखनात असे प्रतिपादन आहे की दगड किंवा लेख कोरलेली मातीची वीट यांसारखी जड, टिकाऊ साधने काळावर मात करतात आणि परंपरा सांभाळणाऱ्या सत्तेला बळ देतात, तर कागदासारखी हलकी साधने अंतरावर मात करतात आणि दूरवर पसरलेला कारभार शक्य करतात. कॅनडाचेच माध्यमविचारक मार्शल मॅक्लुहान यांनी त्यांच्याकडूनच प्रेरणा घेतली. माध्यमांविषयीची अस्वस्थता मात्र फार जुनी आहे. लेखनकलेमुळे माणसे विसराळू होतील, ही भीती प्लेटोच्या 'फीड्रस' या संवादात सॉक्रेटिसच्या तोंडून आली आहे, आणि ती आपल्यापर्यंत पोहोचली ती लेखनामुळेच.

'माध्यम हाच संदेश' याचा अर्थ आशयाला महत्त्व नाही, असा होतो का?

मॅक्लुहान यांच्या १९६४ सालच्या या वाक्याइतका गैरसमज माध्यमविचारातल्या दुसऱ्या कुठल्याही वाक्याच्या वाट्याला आला नसेल. त्यांना म्हणायचे होते ते असे की कोणतेही माध्यम माणसांच्या व्यवहारांचे प्रमाण, गती आणि घडी बदलते, आणि हा बदल त्यातून जाणाऱ्या एखाद्या निरोपापेक्षा खोलवर जातो. विजेच्या दिव्याचे उदाहरण त्यांनी दिले. दिव्याला आशय नसतो, तरीही त्याने रात्रीचे काम, रात्रीचे खेळ आणि शहराचे दैनंदिन वेळापत्रक बदलून टाकले.

या विचाराचे अधिक शिस्तबद्ध रूप पाहायचे असेल तर अमेरिकन संवाद-अभ्यासक जेम्स केरी यांचा १९८३ सालचा तारेविषयीचा (टेलिग्राफविषयीचा) निबंध पाहावा. १८४४ च्या मे महिन्यात सॅम्युअल मॉर्स यांनी वॉशिंग्टन आणि बाल्टिमोर यांच्यामधल्या तारेवरून संदेश पाठवला. त्याआधी मनोऱ्यांवरच्या खुणांसारखे थोडे अपवाद सोडले तर निरोप हा निरोप्याच्या वेगानेच जात असे. घोडा, जहाज किंवा रेल्वे जेवढी धावेल तेवढीच बातमी धावे. तारेने संवाद वाहतुकीपासून वेगळा काढला. दूरदूरच्या बाजारांतले भाव एकमेकांना कळू लागले, तेव्हा जागेजागेच्या दरातल्या फरकावर होणारा नफा घटला आणि उद्याच्या भावावर सौदे करण्याकडे व्यापार वळला. १८८३ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेतल्या आणि कॅनडातल्या रेल्वेकंपन्यांनी गावोगावची सूर्याप्रमाणे चालणारी घड्याळे बाजूला सारून ठरावीक विभागांची प्रमाणवेळ स्वीकारली. ती राखणे तारेमुळे शक्य झाले. शब्दागणिक पैसे मोजावे लागत असल्याने बातमीची भाषाही आटोपशीर झाली. यांपैकी एकही परिणाम कोणत्याही एका तारेतल्या मजकुरात लिहिलेला नव्हता.

आजचे उदाहरण याहून बोलके आहे. व्हॉट्सॲपवरचे संदेश २०१६ पासून दोन्ही टोकांना कुलूपबंद असल्यामुळे त्यातला मजकूर खुद्द कंपनीलाही वाचता येत नाही. अफवांचा प्रश्न गंभीर झाला तेव्हा मजकुराला हात लावणे शक्यच नव्हते. म्हणून माध्यमाचा आकार बदलण्यात आला. २०१९ च्या जानेवारीत एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पुढे पाठवण्याची मर्यादा जगभर लागू झाली, आणि २०२० च्या एप्रिलमध्ये आधीच अनेकदा पुढे गेलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असे ठरले. त्यानंतर अशा संदेशांचे पुढे पाठवले जाणे सुमारे ७० टक्क्यांनी घटल्याचे कंपनीने सांगितले. एक अक्षरही न वाचता केवळ पुढे पाठवण्याचा वेग कमी केला आणि सार्वजनिक संभाषण बदलले. मॅक्लुहान यांचा मुद्दा यापेक्षा स्पष्ट करून दाखवणे कठीण आहे.

मग तंत्रज्ञानच संस्कृती घडवते, असे म्हणायला हरकत काय?

हरकत आहे, आणि ती ब्रिटिश संस्कृती-अभ्यासक रेमंड विल्यम्स यांनी १९७४ साली टीव्हीवरच्या आपल्या अभ्यासात नेमकेपणाने नोंदवली. तंत्रज्ञान कुठूनतरी आपोआप उगवते आणि समाज त्याच्यामागे फरफटत जातो, हे चित्र त्यांना मान्य नव्हते. संशोधनाला पैसा कोण देतो, कोणत्या गरजा महत्त्वाच्या मानल्या जातात, कोणता उपयोग पुढे रेटला जातो, हे सारे हेतूंचे आणि सत्तेचे प्रश्न आहेत. तंत्रज्ञानाला एकमेव कारण मानले की ते निर्णय घेणारी माणसे नजरेआड होतात. या टीकेचे महत्त्व मला मॅक्लुहान यांच्या मूळ मांडणीपेक्षाही अधिक वाटते.

टेलिफोन आणि रेडिओ यांचा आरंभीचा इतिहास याची साक्ष देतो. टेलिफोन म्हणजे दोघांमधले बोलणे आणि रेडिओ म्हणजे एकाने बोलायचे व अनेकांनी ऐकायचे, ही विभागणी आपल्याला निसर्गनियमासारखी वाटते. प्रत्यक्षात बुडापेस्टमध्ये १८९३ साली टेलिफोनवरून बातम्या ऐकवणारी सेवा सुरू झाली. वर्गणीदार ठरल्या वेळी रिसीव्हर कानाला लावत आणि बातम्यांबरोबर संगीतही ऐकत. उलट रेडिओचा पहिला मोठा उपयोग जहाजांमधल्या परस्परसंवादासाठी झाला, आणि हौशी मंडळी आपापल्या यंत्रांवरून एकमेकांशी बोलत. जाहिरात, परवाने, सरकारी नियंत्रण आणि उद्योगांचे हिशेब यांतून पुढे रेडिओ एकमार्गी झाला. १९३२ साली जर्मन नाटककार बेर्टोल्ट ब्रेख्त यांनी तक्रार केली ती हीच, की श्रोत्याला ऐकवण्याबरोबर बोलूही देणारे साधन केवळ वितरणाच्या यंत्रात रूपांतरित केले गेले आहे.

छपाईविषयीही असेच. सुट्या खिळ्यांची कल्पना चीनमध्ये अकराव्या शतकात प्रत्यक्षात आली होती, आणि कोरियात १३७७ साली धातूच्या खिळ्यांनी छापलेला ग्रंथ आजही उपलब्ध आहे. जर्मन मुद्रक गुटेनबर्ग यांचे बायबल त्यानंतर पाऊणशेहून अधिक वर्षांनी, १४५५ च्या सुमाराला आले. साधन जवळपास तेच असूनही लिपी, बाजारपेठ, धर्मसंस्था आणि राजसत्ता निराळ्या असल्यामुळे परिणाम निराळे झाले.

तांत्रिक मर्यादेचा भाषेवर खरोखर परिणाम होतो का? एखादे ठळक उदाहरण द्यावे.

एसएमएसचे देता येईल. मोबाइल जाळ्याच्या संकेत-वाहिनीत मोकळी राहणारी जागा वापरून छोटे निरोप पाठवण्याची कल्पना १९८० च्या दशकात युरोपात आकाराला आली. एका संदेशासाठी १४० बाइट, म्हणजे १,१२० बिट (संगणकाचे ० किंवा १) मिळत होते. एका अक्षराला सात बिट धरले की बरोबर १६० अक्षरे बसतात. एवढ्यात माणसाचे काम भागेल का, हे जर्मन अभियंते फ्रीडहेल्म हिलेब्रांट यांनी साधी वाक्ये टंकलिखित करून आणि पोस्टकार्डांवरच्या मजकुराची लांबी पाहून ताडले.

परंतु सात बिटांच्या त्या संचात रोमन अक्षरे, थोडी ग्रीक अक्षरे आणि चिन्हे होती, देवनागरी नव्हती. देवनागरी पाठवायची तर प्रत्येक घटकाला १६ बिट लागतात, आणि तोच संदेश ७० घटकांवर येऊन थांबतो. त्यातही संगणक मोजतो ते घटक आपल्या डोळ्यांना दिसणाऱ्या अक्षरांपेक्षा वेगळे असतात. 'क्षत्रिय' हा शब्द आपण तीन अक्षरांचा मानतो. संगणकासाठी त्यात क, हलन्त, ष, त, हलन्त, र, इकार आणि य असे आठ घटक आहेत. म्हणजे रोमन लिपीत लिहिणाऱ्याला १६० अक्षरांची जागा आणि देवनागरीत लिहिणाऱ्याला जेमतेम तीस-चाळीस अक्षरांची. संदेशागणिक पैसे पडत असताना लाखो माणसांनी आपली भाषा रोमन अक्षरांत लिहायला सुरुवात केली, याची इतर कारणेही होती, फोनवर देवनागरी कळफलक नसणे हे तर मोठेच कारण होते. पण या हिशेबाचा वाटाही लहान नव्हता. मर्यादा केव्हाच उठली, सवय मात्र राहिली. एका दूरच्या बैठकीतल्या तांत्रिक निर्णयाने कोणत्या लिपीत लिहिणे 'सोपे' आणि कोणत्या लिपीत 'अवघड' हे ठरवले, आणि तेथे कोणाचाही वाईट हेतू नव्हता, हे अधिक विचार करायला लावणारे आहे.

ट्विटरची १४० अक्षरांची मर्यादाही याच १६० मधून आली. वीस अक्षरे वापरकर्त्याच्या नावासाठी राखून ठेवली होती. २०१७ साली ती दुप्पट झाली तेव्हा चिनी, जपानी आणि कोरियन भाषांसाठी जुनी मर्यादाच ठेवली गेली, कारण त्या लिप्यांत तेवढ्याच जागेत पुष्कळ अधिक मजकूर मावतो.

छापील संस्कृती सरून आपण पुन्हा मौखिक संस्कृतीकडे चाललो आहोत का?

वॉल्टर ऑन्ग यांनी १९८२ साली 'दुय्यम मौखिकता' ही संकल्पना विस्ताराने मांडली. रेडिओ आणि टीव्ही यांच्यामुळे बोलणे पुन्हा पुढे आले आहे, पण ते लेखनाच्या पायावर उभे आहे, असे त्यांचे म्हणणे होते. संदेशांची देवाणघेवाण मात्र या चौकटीत नीट बसत नाही: ती लिहिलेली असते, पण तिची लय बोलण्याची असते, ती जतन होते, पण क्षणिक समजून लिहिली जाते. बोलण्यातला सूर आणि चेहऱ्यावरचा भाव लेखनात हरवतो, ती जागा भरायला इमोजी आले. १९९९ साली जपानच्या डोकोमो कंपनीने १७६ चित्रांचा संच आणला आणि २०१० मध्ये इमोजी युनिकोडच्या, म्हणजे जगातल्या लिप्यांच्या चिन्हांना संगणकासाठी क्रमांक देणाऱ्या, मानकात दाखल झाले.

लिखित आणि मौखिक अशी काटेकोर फाळणी करण्यापासूनही सावध राहावे. लेखनाशिवाय शब्दशः अचूकता टिकत नाही, असे काही अभ्यासकांनी गृहीत धरले होते. पद, क्रम, जटा आणि घन अशा, शब्द सुटे करून व उलटसुलट जोडून म्हणण्याच्या पाठपद्धतींनी जपलेली वेदपठणाची परंपरा त्या गृहीतकाला सरळ आव्हान देते. पाठांतराची शिस्त हेही एक घडवलेले तंत्रज्ञानच आहे.

नवी माध्यमे आली की जुनी संपतात का?

क्वचितच. जे डेव्हिड बोल्टर आणि रिचर्ड ग्रुसिन यांनी १९९९ साली दाखवून दिले की नवे माध्यम जुन्याला स्वतःत सामावून घेते आणि जुनेही नव्याकडे पाहून आपले रूप पालटते. संकेतस्थळाने वृत्तपत्राचे 'पान' घेतले. पुढे टीव्हीच्या बातम्यांचा पडदा संकेतस्थळासारखा चौकटी आणि पट्ट्यांनी भरून गेला.

अल्गोरिदम आपले मत घडवतात, हे कितपत खरे?

एक गोष्ट निश्चित आहे: कोणत्या क्रमाने काय दिसावे, हे ठरवण्याचे संपादकीय काम आता मोठ्या प्रमाणावर यंत्रांकडे, म्हणजे त्यांना घालून दिलेल्या नियमसंचांकडे (अल्गोरिदमकडे) गेले आहे. इन्स्टाग्रामने २०१६ साली कालक्रम सोडून आवडीच्या अंदाजानुसार मजकूर दाखवायला सुरुवात केली. यूट्यूबने २०१२ मध्ये शिफारशींसाठी क्लिकच्या संख्येऐवजी पाहण्याच्या वेळेला महत्त्व दिले, आणि मग व्हिडिओ करणाऱ्यांनीही लांबी, सुरुवात आणि उत्कंठा यांची आखणी त्या मोजमापाला धरून केली. जे मोजले जाते त्याच्याकडे निर्मिती झुकते, हा परिणाम प्रेक्षकांच्या मतांवरच्या कोणत्याही परिणामापेक्षा अधिक खात्रीने दाखवता येतो.

मतांच्या बाबतीत मात्र पुरावा संमिश्र आहे. प्रत्येकाभोवती त्याच्या आवडीचा बुडबुडा तयार होतो, हा इलाय पॅरिसर यांचा २०११ सालचा इशारा लोकप्रिय झाला. २०१५ मध्ये फेसबुकच्याच संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात विरोधी मतांचा मजकूर कमी दिसण्यात अल्गोरिदमपेक्षा वापरकर्त्यांच्या स्वतःच्या निवडीचा वाटा मोठा आढळला. हा अभ्यास कंपनीच्या आतून झाला होता, हे विसरू नये. पण त्यानंतरच्या स्वतंत्र संशोधनानेही बुडबुड्याची सरसकट कल्पना पुष्कळ सौम्य केली आहे. कमाईचे गणित मात्र स्पष्ट आहे. माहिती मुबलक झाली की लक्ष दुर्मीळ होते, असे हर्बर्ट सायमन यांनी १९७१ सालीच म्हटले होते, आणि जाहिरातीवर चालणारा प्लॅटफॉर्म हेच दुर्मीळ लक्ष विकतो.

सर्वांसमोर एकदम बोलावे लागल्याने संवाद कसा बदलतो?

जोशुआ मेरोविट्झ यांनी १९८५ साली टीव्हीबद्दल असे मांडले की कोणासमोर कसे वागायचे हे माणूस जागेवरून ठरवतो, आणि टीव्हीने त्या जागांमधल्या भिंती पाडल्या. समाजमाध्यमांवर हे टोकाला गेले. वरिष्ठ, बालमित्र, नातेवाईक आणि अनोळखी माणसे एकाच वेळी तोच मजकूर वाचतात. डॅना बॉइड आणि ॲलिस मार्विक यांनी या अवस्थेला संदर्भ कोसळणे असे म्हटले. त्यावर लोक तीन-चार उपाय करतात: कोणालाच खटकणार नाही असे गुळमुळीत लिहिणे, फक्त जाणकारांना कळेल असे सूचक लिहिणे, किंवा वेगवेगळी खाती उघडणे. बंद गटांकडे वळणे हा चौथा उपाय, आणि गेल्या काही वर्षांत तोच सर्वांत ठळक झाला आहे.

वापरकर्त्याच्या हाती काहीच नसते का?

असते. स्टुअर्ट हॉल यांनी १९७३ सालीच सांगितले होते की प्रेक्षक संदेश जसाच्या तसा स्वीकारतात, वाटाघाटी करून स्वीकारतात किंवा उलटाही वाचतात. नवमाध्यमांत वापरकर्ते माध्यमाचा आकारसुद्धा बदलतात. ट्विटरवर विषयासाठी हॅश चिन्ह वापरावे, असे २००७ च्या ऑगस्टमध्ये क्रिस मेसिना या वापरकर्त्याने सुचवले. दुसऱ्याचे वाक्य पुढे पाठवताना सुरुवातीला 'आरटी' (रीट्वीट) लिहिण्याची रीतही वापरकर्त्यांचीच. कंपनीने २००९ मध्ये या दोन्ही गोष्टी यंत्रणेत घेतल्या. त्यात एक बदल झाला, तोही पाहण्यासारखा आहे: हाताने 'आरटी' लिहिताना माणूस आपला शब्द जोडत असे आणि क्षणभर थांबत असे; बटण आल्यावर ते थांबणे गेले.

कृत्रिम बुद्धिमत्तेने लिहिलेला मजकूर या सिद्धांतात कुठे बसतो?

जुन्या चौकटीत तो अवघडूनच बसतो. अमेरिकन गणितज्ञ क्लॉड शॅनन यांच्या, संदेश कसा पोहोचतो हे दाखवणाऱ्या १९४८ सालच्या प्रारूपात स्रोत, मार्ग आणि ग्राहक असे टप्पे होते, आणि यंत्र मार्गाच्या जागी होते. आता तेच यंत्र स्रोताच्या जागीही बसते. म्हणून 'हे कोण बोलत आहे' या प्रश्नाबरोबर 'हे कोणाच्या लेखनावरून शिकले' हा प्रश्न विचारावा लागतो. ज्या भाषांचा मजकूर महाजालावर थोडा आहे, त्या भाषांचे शिक्षण या यंत्रांना थोडेच मिळते. शिवाय अशा अनेक यंत्रांत देवनागरी मजकुराचे रोमन मजकुरापेक्षा अधिक तुकडे पडतात, त्यामुळे तेवढ्याच अर्थासाठी अधिक गणन लागते. कोणत्या लिपीचा हिशेब आधी मांडला गेला, हा एसएमएसच्या काळातला प्रश्न येथे नव्या रूपात उभा आहे, आणि या वेळी तो वेळेत विचारला जाणे मला अत्यंत निकडीचे वाटते.

अभ्यासाला प्रत्यक्ष सुरुवात कशी करावी?

ग्रंथांच्या बाबतीत माझा सल्ला असा की विल्यम्स आधी वाचावे आणि मॅक्लुहान नंतर. टीका माहीत असली की मॅक्लुहान यांच्या चमकदार विधानांतले सत्त्व वेचणे सोपे जाते. त्याबरोबरच रोजच्या वापरातले एकच वैशिष्ट्य निवडावे, उदाहरणार्थ संदेश वाचल्याची निळी खूण. ती केव्हा आली, त्याआधी लोक काय करत, ती बंद करण्याची सोय आहे का आणि असल्यास ती किती आत दडलेली आहे, खूण दिसू लागल्यावर उत्तर न देण्याचा अर्थ कसा बदलला, आणि ती चुकवण्यासाठी लोकांनी कोणत्या युक्त्या काढल्या, हे क्रमाने तपासावे. वयाने आणि नात्याने वेगवेगळ्या चार-पाच जणांना तेच प्रश्न विचारले तर उत्तरांमधला फरक बराच काही शिकवतो. प्रत्येक निरीक्षणासोबत पडद्याचे चित्र तारखेसह जतन करावे. छापील अंकाची जुनी प्रत ग्रंथालयात सापडते आणि संकेतस्थळांच्या जुन्या आवृत्त्या काही प्रमाणात महाजालाच्या संग्रहांत मिळतात. पण फोनमधले ॲप एका अद्ययावतीकरणात बदलते, प्रत्येकाला निराळे दिसते, आणि त्याचे कालचे रूप अभ्यासकाने स्वतः टिपून ठेवले नसेल तर ते नंतर बहुधा कोठेही मिळत नाही.